कनेरगाव नाका (राज्यघटनेच्या संदर्भात)

हिंगोली जिल्ह्यातील, हिंगोली–वाशीम रस्त्यावरचे गाव. अकोला–पूर्णा लोहमार्गावर याच नावाचे स्थानक आहे. गाव ओलांडून वाशीमकडे निघाले की मराठवाडा मागे पडतो आणि वऱ्हाड लागते. या सीमेवर आज गाडी कोणी अडवत नाही. तरी संघराज्य आणि संसदीय शासन या गोष्टी जमिनीवर कशा उतरतात, हे इथून चांगले दिसते. राज्ये बदलली, कायदे बदलले, पण रेषा तीच राहिली.

स्वातंत्र्यापूर्वी रेषेच्या दक्षिणेला निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि उत्तरेला ब्रिटिशांच्या ताब्यातले वऱ्हाड. गंमत अशी, की कागदोपत्री वऱ्हाडावरही निजामाचेच सार्वभौमत्व होते. १८५३ च्या तहाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडून चालवला गेला. संस्थानात फर्मान हाच कायदा असताना १९३७ मध्ये वऱ्हाडातल्या मतदारांनी प्रांतिक विधानसभेसाठी मते दिली. गावाच्या नावातला ‘नाका’ त्या काळच्या सरहद्दीची खूण असावी.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यातली एक तरतूद इथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या गव्हर्नरवर एक खास जबाबदारी टाकलेली होती : प्रांताच्या महसुलाचा वाजवी वाटा वऱ्हाडासाठी खर्च होतो की नाही हे पाहणे. कापसाच्या वऱ्हाडाचा पैसा दुसरीकडे जातो ही तक्रार त्यामागे होती. निवडून आलेले मंत्रिमंडळ पैसे वाटणार आणि वाटणीवर नजर गव्हर्नर ठेवणार, हा साचा पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेतही आला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर भारताची पोलीस कारवाई झाली आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली. २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद ‘ब’ वर्गाचे राज्य झाले. त्याच्या प्रमुखपदी राजप्रमुख म्हणून निजामच राहिला. वाशीम ‘अ’ वर्गाच्या मध्य प्रदेशात होते व तिथे राज्यपाल होता. कलम ३०१ ने देशभर व्यापार मुक्त ठरवला होता, पण कलम ३०६ ने ‘ब’ वर्गाच्या राज्यांना जुने कर काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सातव्या घटनादुरुस्तीने ही वर्गवारी आणि ते कलम दोन्ही काढून टाकले. त्याच दिवशी रेषेच्या दोन्ही बाजू द्विभाषिक मुंबई राज्यात आल्या आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

राज्य एक झाले तरी कायदे लगेच एक झाले नाहीत. विधिमंडळ बदल करेपर्यंत जुना कायदा जुन्या मुलखात चालू राहील, असे राज्य पुनर्रचना कायद्यात म्हटलेले आहे. त्यामुळे कुळाच्या हक्काचा प्रश्न मराठवाड्यात हैदराबादच्या १९५० च्या कायद्याने सुटतो आणि विदर्भात १९५८ च्या वेगळ्या कायद्याने. उच्च न्यायालय एकच असले तरी अपिलासाठी वाशीमकर नागपूर खंडपीठाकडे जातो. हिंगोलीकराचा रस्ता १९८१ पासून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाचा आहे. सातबारा हाती घेऊन फिरणाऱ्या शेतकऱ्याला संघराज्याची ओळख व्याख्येपेक्षा अशा फेऱ्यांतूनच होते.

घटनेतले कलम ३७१ (२) हे या सीमेचे खरे कलम. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या व सरकारी नोकऱ्यांच्या पुरेशा संधी यांची खास जबाबदारी राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर सोपवू शकतात. सोपवलीच पाहिजे असे मात्र कलम म्हणत नाही. त्यामुळे १९५६ मध्ये आलेली ही तरतूद १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघेपर्यंत निजून राहिली. दरम्यान विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याची नागपूर करारातली (१९५३) आश्वासने तेवढी होती. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या विकासाचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये मोजला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के व मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के होता. निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशेबाने १ एप्रिल १९९४ रोजी हाच आकडा १४,००६.७७ कोटींवर गेला होता. दांडेकरांनी मोजणीसाठी जिल्हा धरला होता, विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यावर भर दिला. सीमेवरच्या गावाचे दुखणे जिल्ह्याच्या सरासरीत बुडते, हे पाहता केळकरांचे माप अधिक बरे म्हणावे लागेल.

संसदीय तत्त्वाशी या कलमाचा सांधा नीट बसत नाही. कलम १६३ प्रमाणे राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो आणि अर्थसंकल्पाला मंजुरी विधानसभा देते. १९९४ च्या आदेशाने मात्र निधिवाटपाबाबत राज्यपालांना स्वतःच निर्देश देता आले. मागास भागाला यातून आधार मिळाला हे खरे. पण लोकांनी निवडलेल्या सरकारला, लोकांनी न निवडलेल्या पदाने पैसा कुठे वळवावा हे सांगावे का, हा प्रश्न रास्तच आहे. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, पण आदेश राष्ट्रपतींचा, म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा लागतो. मराठवाड्याच्या अनुशेषाची किल्ली अशी दिल्लीत आहे.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि विधानसभा या पायऱ्या चढताना मराठवाडा-विदर्भाची ही रेषा पाळली जाते. लोकसभेला तिचे सोयरसुतक नाही : हिंगोली मतदारसंघात यवतमाळ जिल्ह्यातले, म्हणजे विदर्भातले, उमरखेडही येते.