चार माणसांसमोरचं प्रेमपत्र

इथून जवळच, कामठीला, लष्करी टपालसेवेचं केंद्र आहे. आज आपण त्या टपालाच्या आतल्या मजकुराकडे बघू.

सैनिकाचं प्रेमपत्र म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांपुढे येतात. १९१४च्या सप्टेंबरात हिंदी फौज मार्सेल्सला उतरली, तेव्हा तसं नव्हतं. बहुतेक शिपाई निरक्षर. पत्र लिहून देणार पलटणीतला कुणी लिहिता-वाचता. वाटेत ते उघडणार कॅप्टन हॉवेलची सेन्सॉर कचेरी. गावी वाचून दाखवणार मास्तर, आणि ऐकायला सासू-सासरे बसलेलेच! अशात 'तुझ्यावाचून करमत नाही' कोण सांगणार? मग बैलांची, पिकाची चौकशी व्हायची. त्यात विरह नव्हता असं आम्ही तरी म्हणणार नाही.

मूळ पत्रं घरोघर गेली आणि बहुतेक विरली. उरले ते सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. म्हणजे त्याचं मन वाचायचं, तर पाळत ठेवणाऱ्याच्याच शब्दांत!

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचं असं पत्र असेल, तर रद्दीत घालू नका. आम्हाला दाखवा. बैलांबद्दलच असलं तरी चालेल.