काटा ६४० वर, स्टेशन भलतीकडे

जुन्या गाड्यांच्या रेडिओला हमखास होणारा एक आजार म्हणजे काटा एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे. आज आपण म्हणू, ऐकू येतंय ना, मग झालं! पण १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत हा फरक जिवावर बेतू शकला असता.

त्याचं असं झालं. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर चालून आलेल्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या रेडिओ स्टेशनच्या लहरींवरून आपली दिशा पक्की केली होती. उद्या सोव्हिएत बॉम्बर्सनी हेच केलं तर? म्हणून १९५१ मध्ये, ट्रुमन राष्ट्राध्यक्ष असताना, 'कोनेलरॅड' योजना आली. हल्ल्याचा इशारा आला की नेहमीची प्रक्षेपणं बंद. निवडक स्टेशनांनी फक्त ६४० किंवा १२४० किलोहर्ट्झवर, आळीपाळीने, थोडा थोडा वेळ बोलायचं. १९५३ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेडिओंच्या डायलवर या दोन जागी छोटे त्रिकोण आले, गाडीतल्या रेडिओवरसुद्धा.

आता विचार करा. शहर सोडून निघालेला माणूस काटा त्रिकोणावर आणतो आणि नुसती खरखर! बाकी सगळी स्टेशनं गप्प, म्हणजे काटा चुकतोय हे ताडून बघायलाही काही नाही.

इथे माझ्यातला डीबगर जागा होतो. सुपरहेटरोडाइन रेडिओत कुठलं स्टेशन लागणार हे आतला ऑसिलेटर ठरवतो. अमेरिकन कार रेडिओत तो बऱ्याचदा स्टेशनच्या २६२ किलोहर्ट्झ वर चालायचा, म्हणजे ६४० साठी ९०२. काटा बिचारा नुसता निरोप्या. म्हणून डायलच्या दोन्ही टोकांची एकेक ओळखीची स्टेशनं लावून बघायची. दोन्हीकडे काटा तेवढाच आणि त्याच बाजूला हुकत असेल, तर तो जागचा सरकलाय. एका टोकाला बरोबर आणि दुसरीकडे चूक असेल, तर संशय ऑसिलेटरवर. स्टेशन जागेवर, पण आवाज क्षीण? मग १४०० च्या आसपासचं एखादं कमजोर स्टेशन लावून अँटेना ट्रिमर बघायचा. क्रम मात्र हाच ठेवा. सरकलेल्या काट्यासाठी ऑसिलेटर पिळणं म्हणजे डिस्प्लेतला बग काढायला डेटाबेस बदलणं!

१९६३ मध्ये कोनेलरॅड बंद झालं. क्षेपणास्त्रांना वाट शोधायला रेडिओ स्टेशन लागत नाही. त्या डायलांवरचे त्रिकोण मात्र तसेच आहेत. लॉस एंजेलिसचं केएफआय आजही ६४० वरच लागतं, त्यामुळे तिथल्या जुन्या गाडीवाल्यांना काटा तपासायला ती खूण आयतीच मिळते. तिचा एवढाच उपयोग झाला, हे बरंच म्हणायचं.