वाट्याला आलेल्या खुर्च्या: ब्रेबॉर्न ते वानखेडे

१/ दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला जाणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांना किती तिकिटे द्यावीत? इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये याचे उत्तर नियमातच लिहिलेले आहे. मुंबईत मात्र याच प्रश्नापायी एका संघाने स्पर्धेवर पाणी सोडले आणि पुढे एक अख्खे स्टेडियम उभे राहिले. त्याविषयी हा धागा.

२/ पनवेलहून हार्बरने सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला गेले, की बॉम्बे जिमखाना लागतो. स्थापना १८७५. हा युरोपीयांचा क्लब. भारतीयांना सभासदत्व नव्हते. तरी मुंबईतील गाजलेले क्रिकेट सामने बहुतांशी याच मैदानावर होत.

३/ १८९२ मध्ये युरोपीय विरुद्ध पारशी अशी सुरुवात झाली. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्याने स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्याने चौरंगी. प्रत्येक समाजाचा जिमखाना निराळा, संघ निराळा, प्रेक्षकही निराळे. यजमानपद मात्र युरोपीय क्लबाकडे.

४/ १९३३ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय, स्थापन झाला. बॅक बे येथे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर त्याने स्टेडियम बांधले. डिसेंबर १९३७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. नाव मिळाले गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे. स्पर्धाही तिथे गेली आणि ‘इतर’ हा पाचवा संघ आल्याने पंचरंगी झाली.

५/ इथे एक नवीच परिस्थिती निर्माण झाली. मैदान पाचांपैकी कोणाचेच नव्हते. सगळेच संघ पाहुणे. कोणाच्या पाठीराख्यांना किती जागा, हे सीसीआय ठरवणार. हिंदू जिमखान्याला देऊ केलेल्या जागा अपुऱ्या वाटल्या. बोलणी फिसकटली आणि पहिल्याच पंचरंगीतून हिंदू संघ बाहेर पडला. मुस्लिम संघाने युरोपीयांना हरवून ती स्पर्धा जिंकली.

६/ काही खुर्च्यांसाठी एवढा हट्ट? अशा वादात दोन न्याय समोरासमोर उभे राहतात: प्रत्येक संघाला सारखा वाटा, की प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात वाटा? लक्षात घ्या, १९३७ हेच प्रांतिक निवडणुकांचे वर्ष. विधिमंडळातील जागाही समाजवार वाटलेल्या होत्या. ‘जागा’ हा शब्द तेव्हा निव्वळ बसण्यापुरता उरला नव्हता, असे मला वाटते.

७/ पुढच्या हंगामात हिंदू संघ परतला. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी जातीय संघांच्या स्पर्धेलाच विरोध दर्शवला. १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी संपली. जागांचा प्रश्न मात्र संपला नाही.

८/ आता पाहुणा बदलला. मुंबईतील क्लबांची शिखर संस्था बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, पण तिला स्वतःचे स्टेडियम नव्हते. कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत आणि संघटनेला तिकिटांचा वाटा सीसीआयकडून मागून घ्यावा लागे. आपल्याच शहरात ती परक्या घरची पाहुणी होती. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर हा वाद विकोपाला गेला.

९/ एका बाजूला सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट. दुसऱ्या बाजूला संघटनेचे अध्यक्ष आणि विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. यातील विरोधाभास पाहा: मर्चंट हे त्याच पंचरंगीतील हिंदू संघाचे आधारस्तंभ. जागांपायी ज्या संघाने माघार घेतली, त्याचाच फलंदाज आता यजमानाच्या खुर्चीत होता.

१०/ वानखेडे यांनी स्वतःचे स्टेडियम बांधायला घेतले, तेही ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरच्या आत, चर्चगेट स्थानकालगत. वास्तुरचनाकार शशी प्रभू. सुमारे तेरा महिन्यांत काम झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी व्हायला २००९ चा डिसेंबर उजाडला.

११/ प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाला ३,००० तिकिटे, किंवा लहान मैदान असल्यास क्षमतेच्या दहा टक्के, मागण्याचा हक्क आहे. २०१६ पासून त्या तिकिटाची किंमतही ३० पौंडांहून अधिक ठेवता येत नाही. नियम असला, की वाटा यजमानाच्या मर्जीवर राहत नाही. १९३७ आणि १९७३ मध्ये नेमके हेच नव्हते.

१२/ शेवटी एक आकडा. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. क्षमता सुमारे ३३ हजार. सर्वसामान्यांसाठी विक्रीस होती जेमतेम ४ हजार तिकिटे. बाकीची क्लब, संघटना आणि निमंत्रितांकडे. कालचा पाहुणा यजमान झाला होता.

१३/ जिमखाना, क्लब, संघटना या सगळ्यांनी आपापला वाटा भांडून मिळवला. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, जो पनवेलहून पहिल्या गाडीने येऊन खिडकीसमोर रांगेत उभा राहतो, त्याच्या वतीने या शंभर वर्षांत कोण भांडले? या इतिहासात त्याची खुर्ची शोधतो आहे. अजून सापडलेली नाही.

(समाप्त)