खर्ज आणि चार भिंती

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्या काळीं ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोंचविण्याचें काम नटाचा गळा आणि नाट्यगृहाच्या भिंती यांनीं मिळून करावयाचें असे. भिंत ही गायकाची साथीदार आहे, हें लोकांस अनुभवानें ठाऊक होतें. त्याचें गणित मात्र पुढें अमेरिकेंत मांडलें गेलें.

१८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही आणि पुढचा शब्द त्यांत बुडून जाई. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे तें काम आलें. जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं आणून, त्या थोड्याथोड्या मांडून, त्यानें घुमारा किती कमी होतो तें मोजलें. खोलीचें आकारमान आणि तींतील शोषक वस्तु यांवर घुमारा अवलंबून असतो, हा नियम त्यांतून निघाला. १९०० सालीं उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल याच अभ्यासाच्या आधारें बांधला गेला.

पुण्यांत या प्रश्नास बोलपटामुळें निकड आली. प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून येथें आली. तिच्या ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांजकडे होती. आपला कान पुष्कळसा घुमारा मनाआड करतो. मायक्रोफोन तो जसाच्या तसा टिपतो. प्रभातच्याच आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपटसंस्था निघाली, आणि ध्वनिमुद्रणाचें शिक्षण तेथें आजहि दिलें जातें.

आतां चित्रपटगृह घरांत आलें आहे. दिवाणखान्यांत मोठा पडदा असतो, आणि खर्जासाठीं सबवूफर नांवाची निराळी पेटी असते. तक्रार बहुधा एकच: डग्गा एके ठिकाणीं घुमतो, दुसऱ्या ठिकाणीं ऐकूंच येत नाहीं. हा दोष पुष्कळदां पेटीचा नसून भिंतींचा असतो. ध्वनि सेकंदास सुमारें ११२५ फूट जातो. त्या हिशेबानें सेकंदास ४० कंपनांच्या सुराची लहर २८ फूट लांब झाली. खोली १४ फूट लांब असेल, तर तींत अर्धी लहर बरोबर बसते. मग समोरासमोरच्या भिंतींपाशीं तो सूर फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहींसा होतो. उंच सुरांच्या लहरी हातभर किंवा वीतभर. त्या गालिचा शोषून घेतो. खर्जापुढें गालिच्याचें कांहीं चालत नाहीं.

येथें संगणकाचें सॉफ्टवेअर उपयोगी पडतें. तें खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवितें. बैठकीच्या निरनिराळ्या जागीं ठेवलेला मायक्रोफोन तो टिपतो, आणि कोणता सूर किती फुगला याचा आलेख तयार होतो. मग तेवढेच सूर दाबून ध्वनिवर्धकाकडे पाठविले जातात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००२ सालीं काढलेली ऑडिसी आणि स्वीडनमधील डिरॅक या कंपन्या या कामीं प्रसिद्ध आहेत.

परंतु खोलीनें गिळलेला सूर जोर वाढवून परत मिळत नाहीं. पेटी शिणते, आणि शेजाऱ्याची भिंत तेवढी हादरते. म्हणून आधीं पेटीची जागा बदलून पाहावी, आसन अगदीं मधोमध ठेवूं नये, आणि उरलेलें काम यंत्रावर सोंपवावें. गाद्यांच्या जागीं संगणक आला, तरी आधीं मोजावें आणि मग उपाय करावा, हा सॅबाइनचा क्रम बदललेला नाहीं. मोठ्या पेटीसाठीं पैसे मोजण्यापूर्वीं आपली खोली मोजावी.