कोळंबी उकडणे

कोळंबी उकडणे ही कोळंबी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात किंवा तिच्या अंगच्याच पाण्यात अल्पकाळ शिजवण्याची घरगुती पाकक्रिया आहे. कालवण, सुके, खिचडी, भात, कोशिंबीर अशा अनेक पदार्थांची ती पहिली पायरी असते. क्रिया दिसायला सोपी असली तरी तीत वेळेचे भान फार महत्त्वाचे ठरते. एक-दोन मिनिटे अधिक झाल्यास मांस चिवट होते. वेळ अपुरा पडल्यास ते आतून कच्चे राहून पोटाच्या विकारांना कारण होऊ शकते. समुद्रापासून दूर असलेल्या हातकणंगले (जिल्हा कोल्हापूर) यांसारख्या घाटमाथ्यावरील भागांत कोळंबी प्रवास करून येत असल्याने तिची पारख आणि स्वच्छता यांनाही उकडण्याइतकेच महत्त्व आहे.

नावे आणि शब्दप्रयोग

मराठीत पाणी ‘उकळते’ आणि पदार्थ ‘उकडतो’. त्यामुळे अंडी, बटाटे यांप्रमाणेच कोळंबीच्या बाबतीतही ‘उकडणे’ हे क्रियापद योग्य ठरते. केवळ झाकणाखालच्या वाफेवर शिजवण्यास ‘वाफवणे’ म्हणतात. कोळंबीला काही भागांत झिंगा, तर गोवा व मालवण परिसरात सुंगट असे म्हटले जाते. अगदी बारीक आकाराच्या सागरी जातीला जवळा ही संज्ञा आहे. रायगड व मुंबईच्या कोळी बोलीत तिला कोलीम म्हणतात. सोलून वाळवलेल्या कोळंबीला सोडे, तर घाटावर वाळवलेल्या बारीक कोळंबीला सर्रास सुकट म्हणतात.

प्रकार

महाराष्ट्राच्या बाजारात येणाऱ्या कोळंबीत वाघी कोळंबी (पीनियस मोनोडॉन), पांढरी कोळंबी (पीनियस इंडिकस) आणि आकाराने लहान अशा अनेक सागरी जाती असतात. खाऱ्या किंवा मचूळ पाण्याच्या तलावांत वाढवलेली व्हेनामी ही मूळची पूर्व प्रशांत महासागरातील जात आहे. भारतात तिच्या संवर्धनास २००९ साली परवानगी मिळाली आणि त्यानंतर ती बाजारात सर्वत्र दिसू लागली. गोड्या पाण्यातील कोळंबी मॅक्रोब्रॅकियम या प्रजातीतील असून तिच्या पायांची एक जोडी लांब असते. जाती भिन्न असल्या तरी उकडण्याचे तत्त्व एकच आहे. फरक पडतो तो आकारानुसार लागणाऱ्या वेळेत.

हातकणंगले परिसर

हातकणंगले हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरज–कोल्हापूर लोहमार्गावर आहे. इचलकरंजी आणि पेठ वडगाव ही याच तालुक्यातील मोठी गावे होत. तालुक्याच्या उत्तरेस वारणा, तर दक्षिणेकडे पंचगंगा नदी वाहते. या भागातील ताजी सागरी कोळंबी मुख्यतः कोकण किनाऱ्यावरून घाट चढून येते. रत्नागिरीहून येणारा माल आंबा घाटमार्गे आणि सिंधुदुर्गातील माल गगनबावड्याकडील घाटांतून येऊ शकतो. या प्रवासात बर्फ हाच गुणवत्तेचा आधार असतो. उष्ण हवामानात कोळंबीच्या वजनाइतका बर्फ वापरणे सामान्यतः योग्य मानले जाते.

पावसाळ्यात, माशांच्या प्रजननकाळात, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते. महाराष्ट्रात ती प्रदीर्घ काळ १ जून ते ३१ जुलै अशी पाळली जात आली आहे. या काळात ताजा माल कमी होतो आणि गोठवलेली किंवा वाळवलेली कोळंबी अधिक वापरली जाते. घाटावरील आठवडी बाजारांत सुकट, सोडे, बोंबील आणि वाकट्या मांडलेल्या सुक्या मासळीच्या विक्रेत्या नेहमी दिसतात.

नदीतील कोळंबीबाबत वेगळी दक्षता आवश्यक आहे. शहरांचे व उद्योगांचे सांडपाणी मिसळत असल्याने पंचगंगा ही राज्यातील प्रदूषित नद्यांपैकी एक मानली जाते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. उकडल्याने जंतू मरतात; परंतु जड धातू, रंगद्रव्ये यांसारखी रासायनिक दूषिते नष्ट होत नाहीत. म्हणून सांडपाणी मिसळणाऱ्या पात्रातील कोळंबी कितीही वेळ उकडली तरी ती निर्धोक झाली असे म्हणता येत नाही.

निवड

ताज्या कोळंबीचे कवच चकचकीत व अंगाला घट्ट चिकटलेले असते, डोके सहज निखळत नाही आणि वास समुद्राच्या पाण्यासारखा सौम्य येतो. अमोनियासारखा उग्र दर्प, बुळबुळीत पृष्ठभाग आणि बोटाने दाबल्यास खळगा राहणारे मांस ही शिळेपणाची लक्षणे आहेत. कवचावर पडणारे काळे डाग जंतूंमुळे नव्हे, तर कोळंबीच्या शरीरातील विकरांच्या क्रियेमुळे पडतात. कापलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते त्याच प्रकारची ही क्रिया होय. थोड्या डागांमुळे कोळंबी अपायकारक ठरत नाही, मात्र तिला पकडून बराच काळ लोटल्याचे ते चिन्ह असते.

कोळंबीच्या डोक्यात पचनग्रंथी असते. मृत्यूनंतर तिच्यातील पाचक विकरे लगतचे मांस विरघळवू लागतात आणि ते पिठाळ होते. त्यामुळे दूरच्या प्रवासासाठी डोकी काढलेला माल अधिक टिकतो. सबंध कोळंबी साफ केल्यावर खाण्याजोगे मांस साधारण निम्मे उरते, हे खरेदी करताना ध्यानात घ्यावे लागते.

बाजारात मिळणारी गुलाबी रंगाची गोठवलेली कोळंबी आधीच उकडलेली असते. ती पुन्हा उकडू नये, केवळ गरम करावी. करडी किंवा निळसर दिसणारी गोठवलेली कोळंबी कच्ची असते. ती शीतकपाटात रात्रभर ठेवून किंवा बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवून मोकळी करावी. गरम पाण्यात घातल्यास बाहेरचा भाग शिजू लागतो आणि आतला गोठलेलाच राहतो.

साफ करणे

डोके पिळून काढल्यावर पाठीवर उथळ छेद देऊन काळा दोरा काढतात. हा दोरा म्हणजे कोळंबीचे आतडे होय. त्यात वाळू व मळ असल्याने खाताना कचकच लागते. तो काढणे विशेषतः मोठ्या कोळंबीत इष्ट असते. पोटाच्या बाजूचा पांढरा दोरा ही मज्जारज्जू असून ती काढण्याची आवश्यकता नसते.

साफ केलेली कोळंबी एक-दोनदा पिण्यायोग्य पाण्याने धुवावी. फार वेळ पाण्यात ठेवल्यास तिची चव उतरते, कारण तिला गोडसर चव देणारी ग्लायसिनसारखी अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात. डोकी व कवचे टाकून न देता पाण्यात १५ ते २० मिनिटे उकळून गाळल्यास कालवणासाठी उत्तम आधणपाणी मिळते.

कृती

खाऱ्या पाण्यात उकडणे

अर्धा किलो कोळंबीसाठी साधारण २ लिटर पाणी घ्यावे. दर लिटरमागे एक मोठा चमचा मीठ, शिवाय चिमूटभर हळद, ठेचलेल्या लसणाच्या चार-पाच पाकळ्या आणि आवडीनुसार दोन-तीन आमसुले घालावीत. पाणी खळखळून उकळल्यावरच कोळंबी सोडावी. पाणी कमी आणि कोळंबी जास्त असल्यास पाण्याचे तापमान एकदम उतरते आणि कोळंबी असमान शिजते. म्हणून मोठा माल दोन-तीन खेपांत उकडावा. कवचासह उकडल्यास रस टिकून राहतो.

कवचासह उकडताना, कोळंबी पाण्यात सोडल्यापासून लागणारा अंदाजे वेळ असा:

• किलोला १०० पेक्षा अधिक बसणारी लहान कोळंबी – सुमारे १ मिनिट
• किलोला ६० ते १०० बसणारी मध्यम कोळंबी – दीड ते २ मिनिटे
• किलोला ३० ते ६० बसणारी मोठी कोळंबी – २ ते ३ मिनिटे
• त्याहून मोठी वाघी कोळंबी – ३ ते ४ मिनिटे

हातकणंगले परिसर समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. एवढ्या फरकाने कोळंबीच्या वेळेत जाणवण्याजोगा बदल होत नाही.

उकडलेली कोळंबी लगेच झाऱ्याने काढावी. गरम पाण्यात राहिल्यास, विस्तव बंद असला तरी ती शिजतच राहते. कोशिंबिरीसाठी हवी असल्यास ती बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून निथळावी. हे पाणी व बर्फ पिण्यायोग्य असणे अत्यावश्यक आहे. अन्यथा शिजवून निर्जंतुक झालेला पदार्थ थंड करताना पुन्हा दूषित होतो.

अंगच्या पाण्यात उकडणे

मराठी घरांत ही पद्धत अधिक रूढ आहे. सोललेल्या कोळंबीला हळद, मीठ व वाटलेले आले-लसूण लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवतात. नंतर जाड बुडाच्या पातेल्यात, पाणी न घालता, झाकण ठेवून मध्यम आचेवर ४ ते ५ मिनिटे शिजवतात. कोळंबीला पुरेसे पाणी सुटते आणि त्यातच ती शिजते. हे पाणी फेकू नये. चवीचा मोठा भाग त्यात उतरलेला असतो. कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा करायचा असल्यास तो आधी पूर्ण उकळून घ्यावा आणि उकडलेली कोळंबी त्याच्या पाण्यासह शेवटी घालून केवळ एक उकळी आणावी.

सोडे आणि सुकट

सोडे कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे भिजवून स्वच्छ धुऊन घेतात. वाळवताना त्यांतील पाणी निघून गेलेले असल्याने त्यांना ताज्या कोळंबीपेक्षा अधिक वेळ शिजवावे लागते. सुकट प्रथम कोरडी भाजून, पाखडून आणि मग धुऊन वापरतात. भाजल्याने वाळू व मिशा सुट्या होतात. दोन्हींत मीठ असू शकते, म्हणून पदार्थात मीठ जपून घालावे.

शिजण्यामागील शास्त्र

कच्च्या कोळंबीच्या कवचात ॲस्टॅक्सॅन्थिन हे नारिंगी-तांबडे रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेले असते आणि त्यामुळे ते निळसर-करडे दिसते. उष्णतेने प्रथिनाची रचना मोडते, रंगद्रव्य मोकळे होते आणि कोळंबी तांबूस दिसू लागते. मात्र हा बदल प्रथम पृष्ठभागावर दिसतो. म्हणून केवळ बाहेरच्या रंगावर विसंबू नये. सर्वांत जाड भागाचे मांस काचेसारखे अर्धपारदर्शक न राहता आतपर्यंत पांढरे व अपारदर्शक झाले पाहिजे. आतले तापमान ६३ अंश सेल्सिअस झाल्यास कोळंबी सुरक्षितपणे शिजली असे मानतात. नेमकी शिजलेली कोळंबी सैलसर वळते. घट्ट वेटोळे झाल्यास ती प्रायः अधिक शिजलेली असते.

मटण अधिक वेळ शिजवल्यास मऊ होते, म्हणून कोळंबीही तशीच मऊ होईल, हा समज चुकीचा आहे. मटणातील संयोजी ऊतींमध्ये कोलॅजेन विपुल असते आणि दीर्घकाळच्या उष्णतेने त्याचे जिलेटिन होते. कोळंबीत अशा ऊती अल्प असतात. तापमान वाढत गेले की तिचे स्नायुतंतू आकसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि मांस रबरासारखे होते. प्रेशर कुकर कोळंबीस योग्य नाही, तो याच कारणाने.

आमसूल, चिंच किंवा लिंबू वापरल्याने वास कमी होतो, त्यालाही रासायनिक आधार आहे. माशांचा विशिष्ट वास देणारे ट्रायमिथिलअमाइन हे अल्कधर्मी असते. आम्लाशी संयोग झाल्यावर ते सहज उडून जात नाही. परंतु त्यामुळे शिळी कोळंबी ताजी होत नाही, केवळ वास दबतो.

सुरक्षितता आणि आरोग्य

सागरी कोळंबीत व्हिब्रिओ जातीचे जीवाणू असू शकतात. पुरेशा उष्णतेने ते मरतात. तथापि कच्च्या कोळंबीची विळी, पाट व भांडी न धुता शिजलेल्या अन्नासाठी वापरल्यास संसर्ग होऊ शकतो. उकडलेली कोळंबी बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये; कडक उन्हाळ्यात हा अवधी आणखी कमी धरावा. शीतकपाटात ती दोन दिवसांच्या आत संपवणे श्रेयस्कर.

काही व्यक्तींना कोळंबीची ॲलर्जी असते. तिला मुख्यतः कारणीभूत असलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेला टिकणारे आहे. उकडल्याने ते नाहीसे होत नाही. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या किंवा श्वास घेण्यास त्रास होणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी लागते. अशा व्यक्तीसाठी तेच पाणी, तेच तेल वा तोच झारा वापरलेला अन्य पदार्थही धोकादायक ठरू शकतो.

पोषणाच्या दृष्टीने १०० ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात आणि मेद अत्यल्प असतो. कोलेस्टेरॉलचे प्रमाण इतर अनेक माशांहून अधिक असले तरी संपृक्त मेद फार कमी असतो. उकडण्यात तेल लागत नसल्याने तळण्यापेक्षा ही पद्धत हलकी ठरते.

हेही पहा

• कोळंबी
• जवळा
• सोडे
• आमसूल
• पंचगंगा नदी
• हातकणंगले तालुका