संत्र्याच्या पिवळ्या फांदीचे नाव



वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत हिंडताना एखादे झाड असे दिसते, की एकच फांदी पिवळी पडली आहे आणि बाकीचे झाड हिरवेगार आहे. मालक म्हणतो, जस्त कमी पडलं. दुकानदारही तेच म्हणतो. फवारणी होते, पान जरा सुधारल्यासारखे वाटते. आणि दोन-चार वर्षांत शेंडे वाळू लागतात. माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराने अशी झाडे एकामागून एक तोडली. मेहनतीत त्याची कसूर नव्हती. रोगाला नावच चुकीचे पडले होते.

खरे नाव सापडायला फार काळ लागला, आणि त्या हकिकतीत आपल्या पुण्याचाही वाटा आहे.

चीनमध्ये या रोगाला 'ह्वांगलाँगबिंग', म्हणजे पिवळ्या कोंबाचा रोग, म्हणत. तो कलमातून पसरतो, हे लिन कुंग-शियांग यांनी 1956 साली दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेत फळाचे खालचे टोक हिरवेच राहते म्हणून त्याला 'ग्रीनिंग' नाव पडले. आपल्याकडे शेंडे मरतात ते जमिनीमुळे, पाण्यामुळे असा समज होता. 1966 साली ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी सांगितले, की या मरीचे कारण बहुधा ग्रीनिंगच असावे. पुढच्याच वर्षी पुण्यात काम करणाऱ्या कपूर, राव व विश्वनाथ या संशोधकांनी सिट्रस सिला ही कोवळ्या फुटीवर बसणारी बारीक कीड हा रोग पसरवते, हे सिद्ध केले.

पण रोगाचा कर्ता कोण? सगळे त्याला विषाणू म्हणत. 1970 साली फ्रान्समध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सालीतल्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत जिवाणूसारखे काही दिसले. दिसले खरे, पण ते काही केल्या प्रयोगशाळेच्या बशीत वाढेना. आता, जो वाढत नाही त्याची ओळख पटवायची कशी? बोर्दोच्या संशोधकांनी 1983 साली अमरवेल वापरून हा रोग संत्रावर्गीय झाडातून सदाफुलीत नेला. होय, आपल्या अंगणातली सदाफुली! तिच्यात तो चांगला टिकला.

इथे दुसरा धागा येऊन मिळतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत डी.एन.ए. असते, आणि त्याची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. ही अक्षरे क्रमाने वाचण्याची रीत 1977 पासून हाती आली. मग वाचलेले जपून ठेवायचे कोठे? 1980 साली जर्मनीत हायडेलबर्गला आणि 1982 साली अमेरिकेत 'जेनबँक' या नावाने दप्तरे उघडली. वऱ्हाडात कोणाचे मूळ शोधायचे तर कोतवालबुक काढतात ना, तशी ही साऱ्या जीवसृष्टीची कोतवालबुके. नवा मजकूर वाचला की तो दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहायचा; जवळचे भाऊबंद सापडतात.

1994 साली बोर्दोच्या मंडळींनी ग्रीनिंगच्या जिवाणूचा असाच एक जनुक वाचून ताडला. नमुने दोन होते: एक दक्षिण आफ्रिकेतल्या नेल्सप्रुटचा, दुसरा पुण्याचा. उत्तर असे आले, की हा जिवाणूच आहे, आणि कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे आपले उपकारी जिवाणू ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळातला! आशियातला आणि आफ्रिकेतला, असे त्याचे दोन प्रकार ठरले. अजून तो बशीत वाढलेला नसल्यामुळे नावाआधी 'कँडिडेटस', म्हणजे उमेदवार, हा शब्द लावतात. बिचारा अद्याप निवडून यायचा आहे. 2009 साली त्याची सगळी, सुमारे 12 लाख अक्षरे वाचून झाली.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय? करोनाच्या साथीत नाकातल्या नमुन्याची पी.सी.आर. तपासणी आपण सर्वांनी पाहिली. तीच तपासणी पानाची करता येते, पण त्यासाठी शोधायचा मजकूर आधी दप्तरात असावा लागतो. तो आहे. नागपूरला 1985 साली सुरू झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत या तपासणीवर पुष्कळ काम झाले आहे. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून लाखो कलमे निघतात. ज्या मातृवृक्षाचा डोळा घ्यायचा तोच रोगी असला, तर रोग कलमाबरोबर गाडीत बसून गावोगाव जातो, आणि रोग जडलेले झाड बरे करणारे औषध नाही.

शाळामास्तरांनी मुलांना एक सांगावे: दप्तर म्हटले की चुकीची नोंद आलीच. जेनबँकेतही काही मजकूर भलत्याच नावाने चढलेला आहे. म्हणून जाणते लोक एका नोंदीवर विसंबत नाहीत. झाड, कीड आणि मजकूर तिन्ही पाहतात.

नमुना काढतानाही डोळे उघडे हवेत. जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा सारखा दिसतो. ग्रीनिंगमध्ये एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला भलताच, असे वेडेवाकडे डाग पडतात. जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. हिरव्या फांदीचे पान पाठवले तर आजारी झाडही 'निरोगी' ठरते. तेव्हा डागाळलेल्या फांदीचीच पाने, देठ आणि मधल्या शिरेसह, तपासणीला पाठवावीत.