झेवियस : वरून दिसणारी जमीन



सिकंदराबादच्या पोस्टिंगला असताना रविवारी आउटपास मिळाला की आम्ही दोघंतिघं बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचो. एक रुपयाला एक डाव. तिथल्या एका मशीनने माझा बराच पगार खाल्ला. त्या गेमचं नाव झेवियस.

जपानच्या नामको कंपनीने तो १९८२ च्या डिसेंबरात आणला, पुढच्या वर्षी अटारीने अमेरिकेत नेला. कर्ता मासानोबू एन्डो. त्याआधी १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या, १९७९ चा गॅलॅक्सियन घ्या, मागे काळोख नाहीतर चांदण्या. झेवियसमध्ये खाली जमीन होती. जंगल, नद्या, रस्ते, पेरू देशातल्या नाझ्का रेषांसारखा कोरलेला भला मोठा पक्षी, सगळं विमानाखालून सरकत जायचं.

बटणं दोन. एक हवेतल्या शत्रूसाठी, दुसरं जमिनीवर बॉम्ब टाकायला. विमानापुढे ठरावीक अंतरावर नेमाची खूण असायची, बॉम्ब तिथेच पडणार. मी एल-७० तोफेवरचा एअर डिफेन्सचा गनर, कायम खालून वर पाहणारा. वरून खाली कसं दिसतं ते पहिल्यांदा या मशीनने दाखवलं.

समोरून गरगर फिरत फळ्या यायच्या. २५६ गोळ्या घातल्या की त्या फुटतात, अशी अफवा जपानी पोरांमध्ये होती. त्या फुटत नाहीत. गुपचूप बाजूला व्हायचं. शिवाय तुम्ही जितकं चांगलं खेळाल, तितका शत्रू तिखट होत जातो.

पण माझ्या मनात घर केलं ते लपलेल्या मनोऱ्यांनी. जमीन साफ मोकळी दिसते आणि नेमाची खूण अचानक लुकलुकते. बॉम्ब टाकला की मातीतून मनोरा वर येतो.

पुढच्या एका पोस्टिंगला गस्तीवर असताना माझ्या जोडीदाराचा पाय असाच मोकळ्या जमिनीवर पडला. तो वाचला, पाय गेला. तिथे खूण लुकलुकली नव्हती.

या गेमचा पहिला आराखडा व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरचा होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढे हेलिकॉप्टरचं अंतराळयान झालं आणि शत्रू दुसऱ्या ग्रहावरचा झाला. मला बरं वाटलं. व्हिएतनामच्या त्या जंगलाखाली माणसं राहत होती. रुपया टाकून त्यांच्यावर बॉम्ब टाकायला माझा हात धजला नसता.

आता पुतण्याचा मुलगा तोच गेम मोबाईलवर खेळतो. परवा म्हणाला, "आजोबा, इथे काहीच नाहीये, पुढे जातो."

मी म्हटलं, "थांब बाळा. आधी नीट बघ."

जय हिंद.